ओव्हनकडची बाजू

मी, खाली सही करणारी, दिवंगत धाकट्या सुतारांची पत्नी, या घराच्या ओव्हनकडच्या बाजूला राहणारी, लिहून ठेवते की मी शुद्धीवर आहे. वय झाले आहे, हृदय कुरकुरते, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचे चित्र बघितल्यासारखे करावे लागते. पण डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडावा असे वकीलबाईंनी सुचवले. आमच्या गल्लीत डॉक्टर म्हणजे दातांचे. त्यांना विचारले, तर म्हणाले, “दातांपुरती मी खात्री देतो. डोक्याचं तुमचं तुम्ही बघा.” तेव्हा डोक्याची खात्री मीच देते. हा दस्तऐवज मी माझ्या हाताने, माझ्या मर्जीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव म्हणाल तर एवढाच, की ओव्हनमध्ये सफरचंदाचा केक आहे आणि तो होईपर्यंत लिहून संपवायचे आहे.

वकीलबाईंनी छापील मसुदा आणला होता. मसुदा चांगला होता, पण त्यात मी कुठे सापडेना. त्यातले कायद्याचे शब्द ठेवले आहेत, बाकीचे माझे आहेत. ही माझी पहिली आणि शेवटची इच्छा समजावी. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा एवढे लिहायचा उत्साह राहील असे वाटत नाही.

१. माझी स्थावर मिळकत म्हणजे या घराची अर्धी बाजू. दुसरी अर्धी माझ्या थोरल्या जाऊबाईंची. घर एक, छप्पर एक, मध्ये भिंत. माझ्याकडे रस्त्याकडची खोली, वरची एक खोली आणि ओव्हन. तो भिंतीत बांधून काढलेला आहे, उचलून नेता येत नाही. जाऊबाईंकडे मागच्या दोन खोल्या, अंगण आणि फळांची थंड खोली, जिच्यात ऊन कधी डोकावत नाही. म्हणजे सफरचंदे त्यांच्याकडे टिकतात आणि केक माझ्याकडे भाजतो. वाटणी करताना हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण वाटणी पुरुषांनी केली आणि त्यांना केक ताटलीत आल्यानंतरचाच माहीत होता.

या अर्ध्या बाजूचे पुढे काय, एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र आहे. घराला गिऱ्हाईक आलेले आहे. त्याला दोन्ही बाजू हव्यात. घर पाडून गाड्यांचे गॅरेज करायचे आहे. मी आहे तोवर जाऊबाई सही करणार नाहीत. मी गेल्यावर त्या एकट्या पडतील. एकट्या माणसाला गोड बोलून सहीला बसवणे सोपे, आणि त्यातून जाऊबाई भिडस्त. विक्रेता दारात आला तर नको असलेला झाडूही घेतात.

२. भिंतीविषयी. माझे यजमान आणि थोरले दीर दोघेही सुतार. एका बापाच्या हाताखाली शिकलेले, एकाच बाकावर रंधा चालवणारे. गावातल्या वाचनालयाचा जिना दोघांनी मिळून केला, आणि तो जागेवर उभा केला तेव्हा एक पायरी कमी पडली. हा म्हणे माप तू घेतलेस, तो म्हणे तू घेतलेस. आमच्यात एवढ्या तेवढ्यावरून भिंती उभ्या राहतात. घरोघरी मातीच्या चुली. आमच्याकडे तेवढा ओव्हन. भांडण त्या दोघांचे होते आणि अबोला आम्हा दोघींना धरावा लागला. का, ते मला तेव्हाही कळले नाही. नवऱ्याची बाजू घ्यायची असते असे ऐकून होते, म्हणून घेतली. जाऊबाईंनीही तेच ऐकले होते.

दोघे भाऊ गेले. माप कोणाचे चुकले हे शेवटपर्यंत ठरले नाही. वाचनालयात त्या जिन्याच्या तळाशी एक दगड ठेवून पायरी भरून काढली आहे, तिला लोक अजून ठेचकाळतात.

सासूबाईंचे मात्र उपकार मानते. भिंत बांधायला घेतली तेव्हा त्या मुलांना म्हणाल्या, “भिंत घाला, काय वाट्टेल ते करा. पण पानगळीत केक झाला पाहिजे आणि तो दोन्हीकडे गेला पाहिजे.” म्हणून भिंतीत टेबलाच्या उंचीवर खिडकी ठेवली गेली. सासूबाई खिडकीशी बसत. पलीकडून जाऊबाई फोडी चिरून देत, अलीकडे मी पीठ फेटी, आणि मध्ये बसून त्या निरोप नेत. “धाकटे, ती म्हणते लोणी मऊ होऊ दे.” “थोरले, ती म्हणते फोडी जाड झाल्या.” दोघींमध्ये हातभर अंतर होते आणि दोघींना एकमेकींचे स्पष्ट ऐकू येत होते. साखर सासूबाई स्वतः मोजून घालत. तो त्यांचा मान होता.

३. सासूबाई गेल्या त्याच वर्षी पानगळीत कोपऱ्यावरच्या हॉटेलची नेहमीची मागणी आली. निरोप न्यायला आता मध्ये कोणी नव्हते. जाऊबाईंनी फोडी चिरून, दालचिनी लावून खिडकीत ठेवल्या. मी त्या उचलल्या, पिठात घातल्या, भाजल्या, जाऊबाईंच्या वाटणीचा एक केक खिडकीत ठेवला आणि बाकीचे हॉटेलात पाठवले. रंग तर असा आला होता की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सगळे केक परत आले, आणि सोबत हॉटेलमालकांचा निरोप: “आजाऱ्यांचं खाणं आम्ही ठेवत नाही.”

मी एक तुकडा तोंडात टाकला. वर बघते तर खिडकीपलीकडे जाऊबाईही तोंडात घास धरून उभ्या.

“साखर?” त्या म्हणाल्या.

“मला वाटलं, तुम्ही फोडींना लावलीत.”

“अगं, मला वाटलं तू पिठात घातलीस!”

इतक्या वर्षांनी आम्ही एकमेकींशी बोललो ते हे. मग जाऊबाईंना हसू आले. त्यांचे हसू आवाज न करता खांद्यांपासून सुरू होते आणि मग आवरत नाही. मलाही आवरेना. घास घशात, डोळ्यांत पाणी, आणि मधल्या खिडकीला धरून दोघी उभ्या. “घराण्याचाच गुण,” त्या म्हणाल्या, “याला वाटतं त्यानं मोजलं.” तेव्हापासून कामाला लागायच्या आधी आम्ही मोठ्याने विचारतो, “साखर कोण?” आणि जिची पाळी ती “मी” म्हणते. अबोला तेव्हा गेला तो गेला.

४. माझी बँकेतली शिल्लक, जी काही असेल ती, आणि यजमानांची सगळी हत्यारे माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावीत. रंधे तेल लावून गुंडाळून ठेवले आहेत. त्याला सुतारकाम येत नाही, पण त्याच्या वडिलांचा हात जिथे पडायचा तिथली मूठ झिजलेली आहे, ती त्याने कधीतरी धरून बघावी.

बाळा, हे कलम वाचून तू पुढचे पान उलटशील आणि तुला राग येईल, म्हणून इथेच सांगते. तू गुणी आहेस. दर रविवारी फोन करतोस, आणि मी औषध घेतले का हे विचारल्याशिवाय ठेवत नाहीस. तू एवढ्यात म्हणालास, “आई, दोन्ही बाजू एकदम विकल्या तर चांगला भाव येईल. काकूंना ताईकडे नेऊ. तिथे लिफ्ट आहे.” तू त्यांच्या भल्याचेच बोलत होतास. पण तुझ्या ताईच्या, म्हणजे काकूंच्या लेकीच्या, पाचव्या मजल्यावर रेडिओएवढा ओव्हन आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. लिफ्टने खाली येऊन काकूंनी जायचे कुठे, हे तू सांगितले नाहीस. तुझे स्वतःचे घर आहे आणि ते तू कष्टाने केलेस, याचा मला अभिमान आहे. माझ्या भिंतींवाचून तुझे काही अडत नाही. त्यांचे अडते.

५. माझी लोकरीची शाल सूनबाईला. या घरात आल्यावर पहिल्याच पानगळीत तिने मला सांगितले, “आई, खरं सांगू? मला केक फारसा आवडत नाही.” इतकी वर्षे लोक तोंड भरून कौतुक करत आणि मला कधी कळत नसे कोणाचे खरे आणि कोणाचे भिडेपोटी. ही एक बाई अशी भेटली, की हिने भाजीला छान म्हटले तर भाजी छान झालेली असते. तिचे आभार.

६. हे कलम मी एकदा लिहून खोडले. ते हॉटेलमालकांविषयी होते. जरा सौम्य करून पुन्हा लिहिते.

कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या मालकांना मी काहीही ठेवत नाही. त्यांनी फळ्यावर पहिल्यांदा ‘घरगुती सफरचंद केक’ लिहिले तेव्हा केक आमच्या घरचा होता. मग त्यांनी खाली ‘आमची खास कृती’ असे जोडले. तेही सोडून दिले. खडूच्या जोरावर कोणी आचारी होत नाही. आता ते कारखान्यातला केक आणून तोच फळा पुढे करतात. माझी सूचना एवढीच, की त्यांनी ‘घरगुती’ हा शब्द पुसावा. नसेल पुसायचा तर निदान स्वतःच्या घरी नेऊन तो केक एकदा बायकोला खायला घालावा आणि ती काय म्हणते ते ऐकावे. बाकी माझ्या मनात काही नाही. त्यांनी त्या दिवशी केक परत पाठवले नसते तर मी आणि जाऊबाई अजून गप्प असतो. म्हणून त्यांचेही आभार मानते. मात्र ते त्यांना कळवू नयेत.

७. माझी घडीची खुर्ची बाजारातल्या फळवालीला. ती दिवसभर उभी असते. पेटीतली डाग पडलेली, आपटलेली सफरचंदे ती माझ्यासाठी बाजूला काढते आणि दरवेळी बजावते, “मावशी, दिसायला वाईट आहेत, पण मन चांगलं आहे.” केकला तसलीच लागतात. चकचकीत सफरचंद ताटात ठेवून नुसते बघावे.

८. केकच्या कृतीवर कोणी मालकी सांगू नये. ज्याने विचारली त्याला मी सांगितली आहे, आणि ज्याने विचारली नाही त्यालाही. तरी एकदा इथे लिहिते, म्हणजे कोर्टकचेरी झाली तर निदान न्यायाधीशांना केक करता येईल.

सफरचंदे दोन जातींची घ्यावीत: एक आंबट आणि कडक, एक गोड आणि भुसभुशीत. घेतल्या घेतल्या चिरू नयेत. थंड खोलीत ठेवावीत, सालीला बोट लावल्यावर किंचित मेणचट लागेपर्यंत. लाल सालीची सोलू नयेत. फोडी एकसारख्या करू नयेत. काही पातळ असाव्यात, त्या विरघळतात. काही जाड, त्या दाताखाली येतात. लिंबू पिळावे, दालचिनी लावावी. मैदा, लोणी, अंडी घरात असतील तशी, पण पीठ फोडींना धरून ठेवण्यापुरतेच. हा सफरचंदाचा केक आहे, पिठाचा नव्हे. वर साखर भुरभुरावी, तिची खरपूस पापडी होते. साखर कोण घालणार, हे आधी ठरवावे.

आणि महत्त्वाचे हे: केक झाला की नाही ते काडी खुपसून बघू नये, कान लावून ऐकावे. कच्चा केक भांड्यात बारीक चुरचुरत असतो. ती चुरचुर मंदावली, जवळजवळ थांबली, की काढावा. अगदी गप्प होईपर्यंत ठेवला तर कोरडा पडतो. ऐकण्यात जाऊबाईंचा हात कोणी धरणार नाही. त्या भिंतीपलीकडून सांगतात, “काढ गं, झाला.”

९. आता मुख्य.

या घराची माझी अर्धी बाजू, वरच्या खोलीसह, ओव्हनसह, केकची भांडी, किसणी, तराजू आणि लाकडी चमचे यांसह, मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना देते. त्यांच्या हयातीत ती कोणी विकू नये, विकायला लावू नये, आणि त्याविषयी त्यांच्यापाशी गोड बोलायलाही येऊ नये. त्यांच्या पश्चात ती त्यांची मुलगी आणि माझा मुलगा यांनी सारखी वाटून घ्यावी; तेव्हा गॅरेज करा नाही तर आणखी काही करा, बघायला आम्ही दोघी नसू.

याचे कारण लिहिणे कायद्याने लागत नाही, पण मला लिहायचे आहे. माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा जाऊबाई रोज खिडकीतून त्यांच्यासाठी पेज देत. पलीकडे दीर तोंड फिरवून बसलेले असत, तरी देत. आणि माझे हृदय पहिल्यांदा रुसले त्या दिवशी मी ओव्हनसमोर खाली बसले ती मला उठता येईना, हाकही मारता येईना. जाऊबाई भिंतीपलीकडे होत्या. मी केक काढला की ओव्हनचे दार आपटते, ते त्या दिवशी आपटले नाही. फक्त तेवढे त्यांनी ऐकले, म्हणजे ऐकले नाही, आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून त्या रस्त्यावरून धावत आल्या. दातांच्या डॉक्टरांना हाताला धरून ओढत आणले. त्या दिवसानंतर जे जगले ते त्यांनी दिलेले आहे. ते कसे फेडायचे मला माहीत नाही. बाजू देते, कारण माझ्याजवळ दुसरे काही नाही.

जाऊबाईंना मी ताकास तूर लागू दिलेली नाही. कोणी दिलेले काही त्यांना घेववत नाही. मी विणलेला स्वेटर त्यांनी चांगली बटणे लावून मलाच परत दिला होता. मेलेल्या माणसाला मात्र काही परत करता येत नाही, हा मृत्युपत्राचा मोठाच फायदा आहे.

१०. मी जाईन तेव्हा ओव्हनमध्ये काही असेल तर आधी ते काढावे आणि मग रडावे. त्या पानगळीतले केक थांबवू नयेत. दातांच्या डॉक्टरांचा बिनसाखरेचा केक चुकवू नये. त्या परत आलेल्या केकपैकी एक त्यांनी नेला होता, आणि गावात तेवढ्या एकाच माणसाला तो आवडला होता. त्यांच्या धंद्याचे नुकसान आम्ही केले, तरी दर वर्षी हसत घेऊन जातात.

११. हे कलम ठरलेले नव्हते. वरचे लिहून झाले, केक निघाला, जाळीवर ठेवला. सहीसाठी वकीलबाई आल्या, दातांचे डॉक्टर आले, समोरचे शिंपीकाका आले. मी पेन उचलणार तेवढ्यात रस्त्याकडच्या दाराने जाऊबाई आत आल्या. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला, हातात स्वतःचे पेन.

“मृत्युपत्र करतेयस ना?” त्या म्हणाल्या. “कर. केलेलं बरं असतं. साक्षीला मी आहे.”

मी वकीलबाईंकडे पाहिले. वकीलबाईंनी कागदाकडे पाहिले.

“काकू, तुम्हाला साक्षीदार नाही होता येणार.”

“का नाही? हिला मी लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. हे डॉक्टर तर परवा आले गावात.”

“तसं नाही हो. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही,” वकीलबाई बोलून गेल्या, आणि मग त्यांनी जीभ चावली.

जाऊबाई खुर्चीवर बसल्या. काय मिळते हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी ओव्हनकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि त्यांना कळले.

“मग मला काही नको,” त्या म्हणाल्या. “खोडा ते. मला सही करू द्या. हिच्या कागदावर बाकीचे सगळे असणार आणि मीच नसणार, असं कसं?”

शिंपीकाका टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. मी म्हटले, “जाऊबाई, तुम्हाला नको असेल तर गॅरेजवाल्याला देऊ का?”

जाळीवरच्या केकची पापडी त्यांनी बोटाने चाचपली.

“त्याला ओव्हनमधलं काय कळतंय,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि पेनचे टोपण लावले.

हा होकार धरावा असे वकीलबाईंचे मत पडले. त्यामुळे कलम नऊ कायम आहे. जाऊबाईंचा आधीचा नकार मी मुद्दाम जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. माझ्या माघारी कोणी म्हणाले की बाईने घर गोड बोलून लाटले, तर त्याला तो वाचून दाखवावा. आणि मलाही तो हवा होता. मी आयुष्यभर समजत होते की त्यांचे देणे माझ्यावर आहे. त्यांना माझे घर नको होते, माझ्या नावाशेजारची जागा हवी होती.

साक्षीदार होता येत नसले तरी शेजारी बसायला कायद्याची हरकत नाही, असे वकीलबाईंनी स्पष्ट केले आहे. त्यानुसार मी उजव्या हाताने सही करत आहे. डावा हात जाऊबाईंनी धरला आहे. सोडा म्हटले, तर सोडत नाहीत.

सही: धाकटी, ओव्हनकडची

आम्हा दोघांच्या समक्ष वरील सही झाली. सही करणारी व्यक्ती शुद्धीवर होती, हसत होती आणि रडत होती.

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर, याच गल्लीतले
साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी

स्थळ: ओव्हनची खोली
दिनांक: २१ ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळ